एर्मानोस गुतिएरेस यांचा ‘सोनिदो कोस्मिको’ : यातले सर्फ गिटार नेमके कोठे ऐकायचे?

सांजश्रोता (प्रश्न)

‘एर्मानोस गुतिएरेस’ या जोडीचा ‘सोनिदो कोस्मिको’ हा अल्बम १४ जून २०२४ रोजी आला आणि तेव्हापासून तो माझ्या ऐकण्यात सतत आहे. ज्यांना ही जोडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: एस्तेबान आणि आलेहान्द्रो गुतिएरेस हे सख्खे भाऊ, आई इक्वेडोरची, वडील स्विस, आणि वास्तव्य झुरिकचे. दोघांच्या वयात आठ वर्षांचे अंतर आहे आणि २०१७ मधल्या पहिल्या अल्बमला ‘ओचो आन्योस’, म्हणजे ‘आठ वर्षे’, हे नाव त्यावरूनच मिळाले. दोन गिटार, गायन मुळीच नाही आणि इतर वाद्ये नावापुरती, एवढ्या सामग्रीवर त्यांनी पहिली काही वर्षे स्वतःच्या बळावर ध्वनिमुद्रणे काढली. पुढे ‘द ब्लॅक कीज’ या अमेरिकी रॉक वाद्यवृंदाचा डॅन ऑरबाख याने त्यांना आपल्या ‘इझी आय साउंड’ या कंपनीत घेतले, आणि २०२२ चा ‘एल बुएनो इ एल मालो’ व २०२४ चा ‘सोनिदो कोस्मिको’ हे दोन्ही अल्बम नॅशव्हिलमधील त्याच्या स्टुडिओत, त्याच्याच निर्मितीखाली तयार झाले.

अल्बम मला मनापासून आवडला आहे. अडचण आहे ती समजून घेण्याची. या संगीताविषयी कोणीही लिहिले की ‘सर्फ गिटारची छटा’ हे शब्द हमखास येतात. सर्फ हे नाव लाटांवर स्वार होण्याच्या खेळावरून पडलेले, आणि माझ्या ऐकण्यातले सर्फ संगीत म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचे कॅलिफोर्निया, गिटारवादक डिक डेलचे श्वास घेऊ न देणारे वादन, धावता ड्रम आणि एकूणच तरुणाईचा धसमुसळा उत्साह. येथे तर दोघे भाऊ इतके संथ वाजवतात की एक स्वर पूर्ण विरल्याशिवाय दुसरा घेण्याची त्यांना घाईच नसते. त्यात दोघेही राहतात ते समुद्र नसलेल्या देशात. मग सर्फ संगीताशी यांचे नाते नेमके कशात आहे? ते वादनाच्या पद्धतीत आहे, वाद्यात आहे, की ते केवळ समीक्षकांच्या सोयीचे लेबल आहे?

दुसरा प्रश्न याला जोडूनच येतो. असे वातावरणनिर्मिती करणारे संगीत बहुतेक जण काम करताना मागे लावून ठेवतात, आणि मीही तसेच करत आलो. मात्र या अल्बममध्ये त्याहून बरेच काही आहे असे राहून राहून वाटते. लक्ष देऊन ऐकायचे झाल्यास कान कोठे लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सहातारा

मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि या नादाच्या मागे बराच काळ लागलेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्फ संगीताची ओळख वेग आणि समुद्रकिनारा यांवरून करून घेतली तर आपल्याला पडलेला प्रश्न स्वाभाविक आहे. गिटार वाजवणाऱ्याच्या कानाला मात्र सर्फ हा आधी एक नाद असतो आणि ठेका त्यानंतर येतो. हा नाद ज्या वस्तूतून निघतो ती अगदी साधी आहे: पत्र्याचा एक लांबट ट्रे आणि त्यात ताणून बसवलेल्या दोन किंवा तीन बारीक स्प्रिंगा. गिटारकडून आलेला विद्युतसंदेश एका टोकाच्या कॉइलमार्फत स्प्रिंगेला थरथरवतो, ती थरथर दुसऱ्या टोकापर्यंत जाते, तेथून काही अंशी परत फिरते, पुन्हा जाते, आणि त्या टोकाची कॉइल ही सारी ये-जा टिपून मूळ स्वरात मिसळते. हे तंत्र हॅमंड या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनमुळे रुळले. फेंडर कंपनीने ते १९६१ मध्ये गिटारसाठी स्वतंत्र पेटीच्या रूपात आणले आणि १९६३ पासून ॲम्प्लिफायरच्या आतच बसवायला सुरुवात केली.

आता महत्त्वाचा भाग असा की स्प्रिंगेतून येणारा प्रतिध्वनी हा दगडी सभागृहातल्या प्रतिध्वनीसारखा नसतो. स्प्रिंगेतून उंच आणि खालचे ध्वनी वेगवेगळ्या गतीने प्रवास करतात, त्यामुळे तारेवर आघात झाला की स्वराच्या तोंडाशी एक ओलसर ‘टुपुक’ ऐकू येते आणि मग त्याच्या मागे थरथरती शेपटी पसरत जाते. सर्फ वाजवणारे त्याला ‘ड्रिप’ म्हणतात. तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला जेथे टेकतात तेथे, तारांवर टेकवून, स्वर दाबून वाजवला की हे ‘टुपुक’ सर्वात स्पष्ट येते, कारण तारेचा स्वतःचा आवाज लगेच संपतो आणि स्प्रिंगेचा तेवढा मागे राहतो. चालू ॲम्प्लिफायरला चुकून गुडघा लागला तर ट्रेमधल्या स्प्रिंगा हादरून असा गडगडाट होतो की शेजारी दचकावेत. त्या पेटीत काहीतरी प्रत्यक्ष लोंबकळते आहे याची ती खूण.

गंमत म्हणजे ज्या डिक डेलशी हा नाद कायमचा जोडला गेला, त्याच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत तो फारसा नाहीच. त्याला प्रतिध्वनी हवा होता तो आधी गाण्यासाठी, आणि गिटारला तो नंतर लागला. डेलचे मूळ नाव रिचर्ड मोन्सूर. वडिलांकडून तो लेबनीज वंशाचा. १९६२ मध्ये त्याने ‘मिसरलू’ ही पूर्व भूमध्यसागरी धून एकाच तारेवर, सलग खालीवर आघात करत वाजवली. तिची स्वरपंक्ती आपल्याकडच्या भैरव थाटाशी जुळते. कोमल रिषभ आणि कोमल धैवत कानाला लगेच पटतात. हे मुद्दाम सांगतो, कारण सर्फ संगीत हे निव्वळ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उगवले असे मानले की पुढचे धागे दिसेनासे होतात.

गुतिएरेस बंधूंचे वैशिष्ट्य असे की त्यांनी हा नाद ठेवला आणि वेग काढून घेतला. डेलच्या वादनात पुढचा आघात इतक्या लवकर येतो की स्प्रिंगेची शेपटी त्याखाली झाकली जाते. तेथे प्रतिध्वनी जाडी देतो, पण तो स्वतंत्रपणे ऐकायला सापडत नाही. या भावांच्या वादनात स्वर सुटल्यावर मधल्या मोकळ्या जागेत ती शेपटी शेवटपर्यंत ऐकू येते, आणि पुढचा स्वर ती विरण्याच्या बेतात असताना पडतो. सतारीच्या आलापात ‘आस’ किती टिकते हे ओळखून वादक पुढची जागा घेतो, तीच जाण येथे आहे. त्याच्या जोडीला ॲम्प्लिफायरचा ट्रेमोलो आहे, ज्यात स्वर जागचा हलत नाही, फक्त त्याचा आवाज एका ठरावीक लयीत लहानमोठा होत राहतो. ड्रम नसलेल्या रचनांत हा ट्रेमोलोच पुष्कळदा मंद ठेक्याचे काम करतो.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की कान स्वरावर न ठेवता स्वर सुटल्यानंतरच्या जागेवर ठेवावा. एक गिटार धून सांगत असते तेव्हा दुसरी काय करते तेही पाहावे. ही जुगलबंदी नाही. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यावर मात करायला निघालेला नाही. एक भाऊ दोन-चार स्वरांचे आवर्तन धरून बसतो आणि दुसरा त्याच्या फटींतून वाट काढतो. ‘एल बुएनो इ एल मालो’, म्हणजे ‘चांगला आणि वाईट’, हे शीर्षक सर्जिओ लिओनेच्या १९६६ च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या प्रसिद्ध वेस्टर्न चित्रपटाकडे बोट दाखवते, आणि तेही योग्यच आहे, कारण त्या इटालियन वेस्टर्नपटांच्या पार्श्वसंगीतातली टणत्कारी इलेक्ट्रिक गिटार ही सर्फ गिटारचीच जवळची नातलग होय.

आंदेसपार

सहातारा यांनी नादाची बाजू उत्तम मांडली आहे. मला त्यात भूगोलाची भर घालावीशी वाटते. ‘समुद्र नसलेल्या देशात राहतात’ हे खरे असले तरी आईच्या देशाला पॅसिफिकचा लांबच लांब किनारा आहे. त्याहून महत्त्वाचे असे की इक्वेडोरच्या दक्षिणेला लागून असलेल्या पेरूमध्ये सर्फ गिटारला १९६० च्या दशकाच्या अखेरीसच दुसरे घर मिळाले होते.

कुंबिया हा मूळचा कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा नृत्यसंगीताचा प्रकार. तो पेरूमध्ये पोहोचला तेव्हा लिमातल्या एन्रिके देल्गादोसारख्या गिटारवादकाने, ‘लोस देस्तेयोस’ या आपल्या वाद्यवृंदात, धून वाजवण्याचे काम सरळ इलेक्ट्रिक गिटारकडे सोपवले. तिला स्प्रिंगेचा प्रतिध्वनी होता, बोटांत आंदेस पर्वतातल्या वायनो गीतांची पाच स्वरांची वळणे होती आणि खाली कुंबियाचा डुलता ठेका. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही हेच घडले. मोयोबांबाचे ‘लोस मिर्लोस’ आणि पुकाल्पाचे ‘हुआनेको इ सु कोंबो’ हे त्यातले ठळक वाद्यवृंद. हे संगीत ‘चिचा’ या नावाने ओळखले जाते. पेरूबाहेरच्या बहुतेक श्रोत्यांना ते २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘बार्बेस’ कंपनीने काढलेल्या संकलनामुळे माहीत झाले, मात्र तेथील कष्टकरी वस्त्यांत ते त्याआधी कित्येक दशके वाजत होते.

हे ध्यानात ठेवून ‘सोनिदो कोस्मिको’मधली ‘कुंबिया लुनार’ ही रचना ऐकावी. गुतिएरेस बंधूंनी अमुक वाद्यवृंदाचे अनुकरण केले, असा माझा दावा नाही. परंतु कुंबियाच्या ठेक्यावर प्रतिध्वनीत भिजलेली गिटार ठेवणे ही कल्पना त्या भागात रुळलेली आहे आणि ती कॅलिफोर्नियाकडून उसनी घेण्याची त्यांना गरज नव्हती. कुंबियात खरवडून वाजवायच्या वाद्याचा एक लांब आणि दोन आखूड असा ‘छर्र-चिक-चिक’ आकार सतत चालू असतो. एकदा तो मनात बसला की रचना कितीही संथ असली तरी पाय आपोआप हलू लागतो, आणि ‘हे मागे लावून ठेवण्याचे संगीत आहे का’ हा प्रश्न निदान या रचनेपुरता तरी राहत नाही.

दोन गिटारांच्या मांडणीलाही इक्वेडोरमध्ये जुना आधार आहे. तेथील ‘पासियो’ गीतप्रकारात, ज्याचा सर्वात लाडका गायक ग्वायाकिलचा हुलिओ हारामियो (१९३५-१९७८), ‘रेकिंतो’ ही लहान, उंच स्वराची गिटार गायकाच्या ओळींमधल्या जागा भरते आणि मोठी गिटार लय धरते. हारामियोची ध्वनिमुद्रणे गायकाचा आवाज बाजूला सारून, केवळ गिटारीकडे लक्ष देऊन ऐकली तर या भावांच्या वादनाचा पाया ओळखीचा वाटेल.

खर्जसाधक

वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान झाले, तरीही नव्या अल्बमविषयी माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

‘मोकळी जागा’ हाच जर या वादनाचा प्राण असेल, आणि तो आहे असे मीही मानतो, तर ‘सोनिदो कोस्मिको’मध्ये ती जागा कमी झाली आहे. ‘एल बुएनो इ एल मालो’मध्ये दोन गिटार आणि थोडी तालवाद्ये यांपलीकडे फार काही नव्हते. नव्या अल्बममध्ये ऑर्गन आला, सिंथेसायझर आला, काही ठिकाणी व्हायोलिन वर्गातील वाद्यांचा मेळ आला. हे सारे अतिशय सुरेल आणि निगुतीने बसवलेले आहे, याबद्दल वाद नाही. परंतु स्वर विरत असताना त्याच्या मागे ऑर्गनचा सलग पडदा असेल, तर स्वर विरला कोठे हे कानाला कळत नाही. जी शेपटी शेवटपर्यंत ऐकायची असे सहातारा सांगतात, तिचे शेवटचे टोक या पडद्यात बुडून जाते.

मला याचे वाईट वाटते ते या जोडीवर प्रेम आहे म्हणूनच. २०२२ च्या अल्बममधल्या ‘त्रेस एर्मानोस’ या रचनेत डॅन ऑरबाख स्वतः तिसरी गिटार घेऊन बसला होता, तेथे तीन गिटार असूनही गर्दी झाली नाही, कारण तिघेही एकमेकांसाठी थांबत होते. वाजवणारा माणूस समोरच्यासाठी थांबतो. नंतर वरून चढवलेला थर थांबत नाही, तो नुसता पसरतो. ज्यांना ही जोडी नव्याने ऐकायची आहे त्यांनी २०२२ च्या अल्बमपासून सुरुवात करावी आणि तेथून मागे, २०२० च्या ‘इहोस देल सोल’कडे जावे, असे मी सुचवीन.

सांजश्रोता

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री हेडफोन लावून, दिवे मालवून, दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले. ‘टुपुक’ आवाज एकदा ओळखल्यावर तो सगळीकडे सापडू लागला, आणि तळहात टेकवून वाजवलेले दाबलेले स्वर कोणते व मोकळे सोडलेले कोणते, हेही वेगळे कळू लागले. खर्जसाधक यांचा आक्षेप मला काही रचनांपुरता पटतो; मात्र ‘लो सन’ ऐकताना तशी गर्दी मला जाणवली नाही.

एक नवी शंका आहे. काही ठिकाणी गिटारचा स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर असा घसरत जातो की मध्ये पडदे आहेत असे वाटतच नाही. ती मींड तार ओढून घेतलेली आहे की ते वाद्यच निराळे आहे?

जुनीतबकडी

ते वाद्य निराळे आहे. आलेहान्द्रो लॅप स्टील वाजवतो. म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून, बोटांनी पडदे न दाबता, पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवत स्वर काढायचे. आपल्याकडे या वाद्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘हवाईयन गिटार’ म्हटले गेले. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधली मिनिटे भरून काढण्यासाठी चित्रपटगीतांच्या ज्या वाद्यधुना लागत, त्यांतला गिटारचा तो रेंगाळणारा, पाझरणारा स्वर ज्यांच्या कानात आहे त्यांना ‘सोनिदो कोस्मिको’मधले ते घसरते स्वर परके वाटणार नाहीत.

आपल्या मूळ प्रश्नाचे आणखी एक उत्तर येथे दडलेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लाटांवर स्वार होण्याचा खेळ हवाई बेटांचा, आणि मांडीवरची पोलादी गिटारही तेथलीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाईयन तरुणाने ही वादनपद्धती घडवली असे मानले जाते. दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात रुजू लागल्या. डिक डेलच्या आधी, १९५९ मध्ये, ब्रुकलिनच्या सांतो आणि जॉनी फरीना या दोघा भावांची ‘स्लीप वॉक’ ही शब्दविरहित धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. सांतोच्या हाती स्टील गिटार होती आणि जॉनीच्या हाती साथीची. संथ लय, घसरते स्वर, दोन भाऊ, गायन नाही. गुतिएरेस बंधूंचे पूर्वसूरी शोधायचे असतील तर माझ्या मते वेगवान सर्फपेक्षा ही धून जवळची आहे.

तेच वाद्य पूर्वेकडेही आले. ताऊ मो हा हवाईयन वादक १९४० च्या दशकात कोलकात्यात राहत होता आणि तेथे त्याने हे वाद्य शिकवले. मुंबईत व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीते त्यावर वाजवून घरोघर पोहोचवली. पुढे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर राग वाजवून दाखवले, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे. काबरा मींड घेताना कांडी तारेवर किती हलकी ठेवतात आणि स्वर गाठल्यावर तो किती सूक्ष्मपणे हलवतात, हे एकदा ऐकून मग आलेहान्द्रोकडे यावे. राग आणि ही रचना यांची तुलना करावी असे मी म्हणत नाही; कांडीखालची तार कशी बोलते हे ओळखायला तेवढा सराव पुरतो. आलेहान्द्रो बहुतेक वेळा एक लांब घसर घेऊन स्वरावर येतो आणि तेथे जवळजवळ स्थिर राहतो, मग हलण्याचे काम स्प्रिंगेवर आणि ट्रेमोलोवर सोपवतो.

खर्जसाधक यांच्या आक्षेपाबाबत माझे म्हणणे एवढेच की ऑर्गनचा पडदा साध्या गिटारला जितका जाचतो तितका लॅप स्टीलला जाचत नाही, कारण स्टीलचा स्वर आघाताने उठून संपत नाही, तो वाहत राहतो आणि त्याला खाली सलग आधार मिळाला तर तो अधिक उठून दिसतो.

खर्जसाधक

हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता आणि लॅप स्टीलपुरता तो मला मान्य आहे. ज्या रचनांत दोन्ही भाऊ साध्या गिटारवर आहेत आणि तरीही मागे सिंथेसायझरचा थर आहे, तेथे माझे मत कायम आहे. त्या थराशिवाय या रचना कशा वाजतात ते त्यांच्या दोघांच्याच प्रत्यक्ष वादनाच्या चित्रफितींत पाहता येते. तेथे व्हायोलिन नाहीत, प्रत्येकाच्या पायाशी गिटारचा नाद बदलणाऱ्या पेडलांची एक फळी आणि समोर भाऊ, इतकेच असते. सांजश्रोता यांनी ‘कुंबिया लुनार’ दोन्ही रूपांत ऐकून पाहावी आणि ती कोणती अधिक भावली ते येथे अवश्य लिहावे.